धार लावू नये

टीकाकार व्हायला लागणारी कसलीही पात्रता माझ्यापाशी नाही, हे आधीच कबूल करतो. मी बी.कॉम. आहे, बँकेत कारकून आहे आणि धरणगावात राहतो. यांपैकी कोणत्याही एका कारणासाठी माणसाला कलासमीक्षेच्या पंगतीतून उठवता येतं. माझ्याकडे तर तिन्ही आहेत. आमच्या धरणगावात १८९० साली बालकवी जन्मले हे खरं, पण त्याचा लाभ गावातल्या प्रत्येकाला मिळतो असं नाही. आम्ही फक्त पत्त्यात तेच गाव लिहितो, एवढंच आमचं साहित्याशी नातं.

तरीही आज टीका करायला बसलोय, कारण २०२५च्या दिवाळीपासून डिसेंबरपर्यंत मी लागोपाठ दोन प्रदर्शनं पाहिली. एक अमेरिकेतलं, ते मोबाइलवर. दुसरं पुण्यातलं, ते प्रत्यक्ष. दोन्हीकडे कापायच्या वस्तू मांडल्या होत्या आणि दोन्हीकडे त्या काहीही कापत नव्हत्या. एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. पण तिसरं प्रदर्शन आमच्याच घरातल्या एका वस्तूचं व्हायची वेळ आली, तेव्हा मात्र तोंड उघडणं भाग पडलं. दुसऱ्याच्या घरातल्या वस्तूंबद्दल माणूस रसिक असतो. आपल्या घरातल्या वस्तूवर कुणी हात ठेवला की टीकाकार होतो.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. संगणकाशी संबंधित काहीतरी करतो. काय करतो ते त्यानं मला तीनदा समजावलं आहे आणि तिन्ही वेळा मी "वा!" म्हटलं आहे. त्याला छंद आहे जुने अमेरिकन चाकू जमवण्याचा. स्वयंपाकघरातले नव्हेत, खिशात ठेवायचे, घडीचे. हे प्रथम कळलं तेव्हा आमच्या घरात चिंतेचं वातावरण पसरलं. आपल्याकडे खिशात चाकू बाळगणारा माणूस म्हणजे हिंदी सिनेमातला खलनायक. तो रामपुरी काढतो, खटका दाबतो, आणि पुढच्या प्रसंगात नायकाची बहीण ओरडते. धरणगावला हत्यारांची ओळख नाही असंही नाही. जेम्स औट्रमनं १८२५ साली उभी केलेली खानदेशची भिल्ल पलटण आमच्याच गावात होती. पण ती इतिहासात होती. कोकराच्या स्वभावाच्या भाच्याच्या खिशात नव्हती.

त्यानं खुलासा केला की अमेरिकेत खिशातला चाकू हा सज्जनांचाही दागिना होता. शेतकरी, गुराखी, शाळकरी पोरं, सगळ्यांकडे असे. आजोबांनी नातवाला पहिला चाकू द्यायचा म्हणजे आपल्याकडे मुंज लावण्यासारखंच. मग एका रविवारी त्यानं मोबाइल हातात धरून आम्हाला आपला संग्रह दाखवला. भिंतीवर काचेची एक उथळ पेटी. आत गडद निळी मखमल. तिच्यावर तीसेक चाकू, अर्धवट उघडे, एकाच कोनात, शाळेच्या कवायतीसारखे. कुणाची मूठ हाडाची, कुणाची शिंगाची, कुणाची लाकडाची. खाली बारीक अक्षरात चिठ्ठ्या. खोटं कशाला बोलू, दृश्य देखणं होतं.

"हा केसचा आहे, आजी," भाचा म्हणाला.

"मग तो न्हाव्याकडं पाहिजे," आई म्हणाली.

'केस' हे पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड गावच्या एका जुन्या कंपनीचं नाव आहे, हे तिला समजावण्यात पाच मिनिटं गेली. मग तिनं तो प्रश्न विचारला, जो कुठल्याही समीक्षकानं खरं म्हणजे पहिल्यांदा विचारायला हवा.

"यानं तू कापतोस काय?"

"काही नाही."

"मग त्यानं?" तिनं दुसऱ्याकडे बोट केलं.

"त्यानंही नाही. आजी, हे वापरायचे नसतात."

आईनं माझ्याकडे पाहिलं. पोरगा परदेशात एकटा राहतो, जेवणखाण नीट होत नसावं, असा त्या पाहण्याचा अर्थ होता.

पुढं भाच्यानं मला या शास्त्राचे नियम सांगितले. पहिला आणि सर्वांत मोठा नियम: धार लावू नये. जुन्या चाकूला धार लावली की पातं झिजतं, आणि पातं झिजलं की किंमत उतरते. ज्या चाकूनं जन्मात एक पेन्सिलसुद्धा तासली नाही तो सर्वश्रेष्ठ. दुसरा नियम: घासूनपुसून चकचकीत करू नये. वर्षांनुवर्षांच्या हवेनं धातूवर जी काळपट छटा चढते तिला पॅटिना म्हणतात, आणि ती जपायची असते. तिसरा: पात्याला बोट लावू नये, घामानं डाग पडतो. चौथा: चामड्याच्या म्यानात कायमचा ठेवू नये, चामडं कमावताना वापरलेल्या द्रव्यांनी लोखंड गंजतं. पाचवा नियम तर आमच्या कॉलनीलाच लागू आहे. जुन्या काळी काही मुठी सेल्युलॉइडच्या करत. हे सेल्युलॉइड म्हातारपणी कुजतं, त्यातून वाफ निघते आणि त्या वाफेनं शेजारच्या चांगल्याचुंगल्या चाकूंना गंज चढतो. म्हणून अशा चाकूला वेगळं बिऱ्हाड द्यायचं.

वय ओळखायची पद्धत मात्र मला मनापासून आवडली, कारण तिच्यात हिशेब आहे. 'केस' कंपनीनं १९७० साली पात्याच्या बुडाशी नावाखाली दहा ठिपके उमटवले. पुढच्या वर्षी नऊ. मग आठ. सात ठिपके दिसले की समजायचं, चाकू १९७३चा. १९७९ला एकच ठिपका उरला. चाकूवरचा आकडाही असाच बोलका. ६२५४ म्हणजे ६ ही हाडाच्या मुठीची खूण, २ म्हणजे दोन पाती आणि ५४ हा त्या घाटाचा क्रमांक. आमच्या बँकेत खातेदाराच्या खाते क्रमांकावरून इतकी माहिती कळत नाही. त्यासाठी त्याला ओळखपत्राच्या दोन प्रती घेऊन पुन्हा यावं लागतं.

एक चाकू रेमिंग्टनचा होता. रेमिंग्टन म्हणजे बंदुका करणारी कंपनी. पहिलं महायुद्ध संपलं, बंदुकांचा खप बसला, यंत्रं रिकामी पडली, म्हणून १९२०च्या सुमारास तिनं खिशातले चाकू करायला घेतले आणि १९४०पर्यंत ते केले. यातल्या काही चाकवांच्या मुठीवर बंदुकीच्या गोळीच्या आकाराची छोटीशी पट्टी जडवलेली असते. त्यांना आज फार भाव आहे. धंदा बदलला तरी माणूस जुन्या धंद्याची खूण कपाळावर मिरवतोच. आमचे एक निवृत्त हेडकॅशिअर भाजी घेतानाही सुट्टे पैसे दोनदा मोजून वर रबर लावतात.

आता माझी टीका. वाणिज्य शाखेत आम्हाला 'घसारा' नावाचा एक विषय शिकवला. यंत्र वापरलं की झिजतं. त्या झिजेचा पैसा दरवर्षी त्याच्या किमतीतून वजा करायचा. वजा करता करता शेवटी काहीच उरत नाही. पण वस्तू तर समोर उभी असते! मग वहीत तिची किंमत एक रुपया दाखवतात. तो एक रुपया म्हणजे हिशेबनिसानं त्या वस्तूला केलेला नमस्कार असतो: बाई, तुझं देणंघेणं संपलं, पण तू आहेस हे आम्हाला माहीत आहे. भाच्याच्या पेटीत हा सिद्धान्त शीर्षासन करून उभा होता. ज्यानं काम केलं त्याची किंमत कमी, ज्यानं आयुष्यभर काही केलं नाही त्याची सर्वांत जास्त. तशी नोकरीत ही पद्धत मला अपरिचित नाही. पण निदान चाकूंच्या जगात तरी न्याय असेल असं वाटलं होतं.

त्या तीस चाकूंत मला मनापासून आवडला तो एकच. कोपऱ्यात, खालच्या ओळीत. त्याचं पातं धार लावून लावून निम्मं झालं होतं, पौर्णिमेनंतरच्या आठव्या-नवव्या दिवसाच्या चंद्रासारखं. मूठ एका बाजूनं अंगठ्याच्या आकारात झिजली होती. हा स्वस्तात मिळाला, सुरुवातीला घेतला होता, काढायचाय, असं भाचा ओशाळून म्हणाला. मी म्हटलं, "अरे, या पेटीत माणूस फक्त याच एका चाकूत आहे." तो हसला. मामा बी.कॉम. आहे हे त्याला ठाऊक आहे.

मखमलीच्या मधोमध एक जागा रिकामी होती. ती कशासाठी हे डिसेंबरात कळलं. भाचा सुट्टीवर पुण्याला ताईकडे आला. मीही बँकेच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी पुण्यात होतो. 'ग्राहकाशी हसतमुखाने कसे बोलावे' असा विषय होता. संध्याकाळी भाच्यानं हळूच विचारलं, "मामा, आजीचा तो पितळी अडकित्ता अजून आहे का?"

मला अडकित्त्यात धरल्यासारखं झालं.

"त्याची जागा ठेवलीय मी. मधली."

मी हो म्हणेना, नाही म्हणेना. तेव्हा तोच म्हणाला, "आधी अडकित्ते कसे मांडतात ते तर बघू." आणि दुसऱ्या दिवशी मला बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घेऊन गेला.

या संग्रहालयाची कथा पुष्कळांना माहीत आहे, पण ती पुन्हा सांगितल्यानं झिजत नाही. दिनकर गंगाधर केळकर, जन्म १८९६. 'अज्ञातवासी' या नावानं कविता करत. धंदा चष्म्यांचा. राजा नावाचा त्यांचा मुलगा लहानपणीच गेला. केळकरांनी गावोगाव, वाडोवाडी फिरून जमवलेल्या वस्तूंना त्या मुलाचं नाव दिलं. पत्नी कमलाबाईंची साथ होती. दिवे, कुलपं, दौती, वज्र्या, भांडी, वाद्यं, दारं आणि अडकित्ते. पुढं १९७५ साली हे सगळं त्यांनी सरकारच्या, म्हणजे तुमच्याआमच्या, हवाली केलं. १९९० साली ते गेले. वीस हजारांवर वस्तू; मांडता येतात त्यांतल्या सुमारे अडीच हजार. उरलेल्या आत. आमच्या बँकेच्या लॉकरमध्येही बहुतेक बायकांचे दागिने असेच आयुष्य काढतात.

लोकांना दिसावं म्हणून चष्मे विकणाऱ्या माणसानं, लोकांना आपल्याच घरात दिसत नव्हतं ते पाहिलं, ही या गोष्टीतली मला सर्वांत भावलेली गंमत. तलवार कुणीही जपतो. टाच घासायची वज्री जपायला कवीच लागतो, आणि तोही तोट्याची तयारी असलेला.

अडकित्त्यांपुढं आम्ही बराच वेळ उभे होतो. मोर, पोपट, घोडे, माणसांची जोडपी. सुपारीसारख्या टिचभर फळाचे दोन तुकडे करायला आपल्या लोकांनी केवढा थाट मांडला होता! तसा अडकित्ता म्हणजे एक तरफ. शाळेत 'दुसऱ्या प्रकारच्या तरफेचे उदाहरण द्या' या प्रश्नाला महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी 'अडकित्ता' लिहून गुण मिळवले. एका टोकाला खिळा, दुसऱ्या टोकाला हात आणि मध्ये सुपारी. मध्ये सापडणाऱ्याचं काय होतं हे मुलीकडच्या मंडळींना आणि बँकेतल्या कारकुनांना वेगळं शिकवावं लागत नाही.

इथं भाच्याच्या पेटीचा नियम उलटा होता. इथल्या वस्तू वापरलेल्याच होत्या, आणि वापर हाच त्यांचा मोठेपणा होता. मुठी तळहातांनी गुळगुळीत झालेल्या. मी भाच्याला कोपरानं ढोसलं. तोही कबूल झाला. पण टीकाकारानं केवळ खूश होऊन चालत नाही, म्हणून एक तक्रार इथंही नोंदवतो. ती एका संग्रहालयाची नाही, सगळ्याच संग्रहालयांची आहे. काचेमागच्या चिठ्ठीत वस्तूचं नाव असतं, धातू असतो, प्रांत असतो, शतक असतं. हात नसतो. कुणी कातरलं, कुणासाठी कातरलं, कातरताना काय बोलणं चाललं होतं, हे नसतं. ते सांगायला कुणी उरलेलंच नसतं, हे मला कळतं. पण निदान आवाज? रात्रीच्या जेवणानंतर ओसरीवरून येणारा तो 'कट्ट' काचेतून ऐकू येत नाही. माझी एक नम्र सूचना आहे. आमच्या बँकेत काउंटरवर पेन जसं दोरीला बांधलेलं असतं, तसा एक साधा, बिनमोराचा अडकित्ता दाराशी बांधून ठेवावा. शेजारी वाटीत चार सुपाऱ्या. येणाऱ्यानं एक फोडावी आणि मग आत जावं. पेन जसं चोरीला जातं तसा तोही जाईल म्हणा. पण ज्यानं नेला तो निदान वापरेल.

हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात भाच्याला ऐकवलं. वस्तू वापरात जिवंत असते, काचेत ती नुसती शिल्लक असते, वगैरे. धरणगावला येईपर्यंत रेल्वेतही ऐकवत होतो. तो ऐकून घेत होता. परदेशात राहिलेली मुलं शिस्तीची होतात.

आता आमचा अडकित्ता. त्याला मोर नाही, घोडा नाही. पितळी मूठ, लोखंडी पातं, खिळा किंचित ढिला. तो माझ्या आजीचा. पण मी पाहिला तो बाबांच्या हातात. बाबा कापसाच्या एका व्यापाऱ्याकडे दिवाणजी होते. दिवसभर गाठींचे हिशेब लिहून आले की जेवण करून झोपाळ्यावर बसत आणि सुपारी कातरत. ताईचं लग्न ठरलं तेव्हा सुपारी फुटली ती ह्याच अडकित्त्यानं. म्हणजे भाच्याच्या अस्तित्वातही त्याचा वाटा आहे.

मी नऊ वर्षांचा असताना या अडकित्त्यानं सायकलची तार तोडायचा प्रयत्न केला. तार तुटली नाही. पात्याला मधोमध दाता पडला. मी अडकित्ता पुसून डब्यात ठेवला आणि ताप आल्याचं सोंग करून झोपलो. रात्री बाबांनी सुपारी कातरली, फोड दिव्यापुढं धरून पाहिली, माझ्या अंथरुणाकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी कातरलेल्या प्रत्येक फोडीवर एक बारीक रेघ उठायची. घरी येणाऱ्या कुणालाही ती दिसायची नाही. मला दिसायची.

पुढं बाबांचं तोंड उघडेना. डॉक्टरांनी बोटं घालून पाहायला सांगितलं. तीन जायला हवीत, दोनही जाईनात. सुपारीनं गालाची आतली कातडी ताठ होते. नुसती, तंबाखू न घातलेली सुपारीही कर्करोगाला कारण होते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात स्पष्टच सांगितलं आहे. बाबांनी त्या दिवसापासून सुपारी सोडली. खायची सोडली, कातरायची नाही. रात्री झोपाळ्यावर बसून दोन सुपाऱ्या कातरत, फोडी डब्यात भरत आणि डबा झाकून ठेवत. आता सुपारीला पाहुणेही नाही म्हणू लागले होते. तरी 'कट्ट' चालू होतं. ते गेल्यावर आईनं अडकित्ता स्वयंपाकघरात नेला. थंडीत डिंकाच्या लाडवांसाठी खारका कापायला तिला दुसरं काही चालत नाही.

भाच्यानं मागायच्या आत मीच आईपाशी विषय काढला. वाटलं होतं, ती नाही म्हणेल. माझी टीका आयतीच सिद्ध होईल. ती म्हणाली, "नेऊ दे की. नातूच आहे."

मी म्हटलं, "अगं, तो भिंतीवर लावणार आहे."

"त्याच्या भिंतीवर लावणार ना? मग तुझं काय जातं?"

माझं काय जातं ते मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी मी बँकेत गेलो, भाचा मित्रांना भेटायला जळगावला गेला. संध्याकाळी परत आलो तेव्हा पाटावर स्वच्छ फडक्यात काहीतरी गुंडाळून ठेवलं होतं. आईनं ते उघडलं.

मूठ सोन्यासारखी झळकत होती. आईनं दुपारभर चिंच आणि राख लावून घासली होती. खिळा ठोकून घट्ट केला होता. आणि दुपारी सायकलवरचा धार लावणारा गल्लीतून गेला, त्याला थांबवून तिनं पात्याला नवी धार लावून घेतली होती. पातं पांढरं लखलखीत. मधला दाता नाहीसा.

भाचा जागच्या जागी बसला. "आजी," तो कसाबसा म्हणाला, "पॅटिना गेली."

"कोण, पाटलीण? कधी?" आई घाबरून उठली. आमच्या मागच्या गल्लीत एक पाटलीणबाई बरेच दिवस अंथरुणाला खिळून आहेत.

गैरसमज दूर झाल्यावर भाच्यानं तिला नियम सांगितले. धार लावू नये. घासू नये. आई चिडली की अहिराणीवर येते. "धार नही ते काय कामना?" ती म्हणाली. लेकीच्या लेकराला कोण बोथट अन् मळकी वस्तू देतं का? लोक काय म्हणतील? अमेरिकेतले लोक नेमकं तेच म्हणतील, हे तिला पटणं शक्य नव्हतं.

आणि मी? मी त्या पात्याकडे बघत होतो. वाचकहो, पंधरा दिवस मी त्या पोराला वापराची थोरवी सांगत होतो. वस्तू वापरणाऱ्या एकमेव माणसानं वस्तू वापरण्याजोगी केली, तर माझ्या तोंडून शब्द निघाले ते असे: "आई, तो दाता कशाला काढलास?"

"चाळीस वर्षं खारीक तिथंच अडकते," ती म्हणाली. "गेला एकदाचा."

चाळीस नाही, पस्तीस. पण हिशेब काढायची माझी छाती झाली नाही. तिला तो दाता कुणी पाडला हेही माहीत होतं, हे मला त्या दिवशी कळलं. बाबांनी सांगितलं असणार. किंवा सांगितलंही नसेल.

तेव्हा माझी मूळ टीका मी अर्धी मागे घेतो. भाचा तीस चाकू जमवतो आणि त्यांना हात लावू देत नाही. मी एकच दाता जमवला होता, आणि त्यालाही कुणी हात लावू नये अशी माझी अपेक्षा होती. फरक फक्त पेटीचा. केळकरांसारखा माणूस आपलं दुःख वीस हजार वस्तूंत वाटून लोकांसाठी दारं उघडून ठेवतो; आपण ते एका पात्यात लपवून डबा झाकून ठेवतो. तरी एवढं म्हणणं राखून ठेवतो की चिठ्ठीत हात यायलाच हवा.

म्हणून त्या रात्री चिठ्ठी लिहायला मीच बसलो. भाच्याचा मजकूर तयार होता: 'अडकित्ता. पितळ व लोखंड. खानदेश, विसावं शतक.' मी आजीपासून सुरुवात केली. झोपाळा आला, दिवाणजी आले, ताईची सुपारी आली, सायकलची तार आली, डॉक्टरांची बोटं आली. फुलस्केपची दोन्ही अंगं भरली. भाचा म्हणाला, "मामा, पेटीत दोन ओळी मावतात." कापाकापी सुरू झाली. कुठलीही ओळ काढली की एकेक माणूस जायचा. शेवटी दोघांनी आईला विचारलं.

"काय लिहायचंय त्यात?" ती म्हणाली. "लिही, धार आहे, हात सांभाळा."

तेच लिहिलं.

निघताना भाच्यानं अडकित्ता कपड्यांच्या घडीत गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवला. जवळच्या पिशवीत विमानवाले नेऊ देत नाहीत. मग खिशातून एक तांबूस नाणं काढून आईच्या हातावर ठेवलं. तिकडं अशी समजूत आहे की पात्याची वस्तू फुकट घेतली तर नातं तुटतं, म्हणून एक नाणं तरी द्यायचं. आपल्याकडंही वाजणाऱ्या कात्रीनं भांडणं होतात, तेव्हा आईला हे लगेच पटलं. तिनं नाणं उलटसुलट करून पाहिलं.

"हा दाढीवाला कोण?"

"अब्राहम लिंकन."

"बरा माणूस दिसतो," असं म्हणून तिनं ते सुपारीच्या डब्यात ठेवलं.

मी सवयीनं हिशेब केला. पूर्ण घसारा होऊन गेलेला अडकित्ता, पुस्तकी किंमत एक रुपया. मिळालेला एक सेंट, त्या दिवशीच्या भावानं सुमारे नव्वद पैसे. व्यवहारात दहा पैसे तोटा. पण एका सेंटचं नाणं पाडायला तिकडं दर्शनी किमतीच्या तिपटीहून जास्त खर्च येऊ लागला, म्हणून अमेरिकेनं २०२५ सालीच व्यवहारासाठी ते पाडणं बंद केलं. म्हणजे आईच्या डब्यात आता एक संग्रह सुरू झाला आहे. तिला मी बजावून ठेवलंय की ते चिंचेनं घासायचं नाही.

जानेवारीत पुन्हा रविवारी फोन आला. भाच्यानं पेटी दाखवली. निळ्या मखमलीवर मधोमध आमचा अडकित्ता, नको तितका चकचकीत. त्याच्या खाली मराठीत चिठ्ठी. शेजारी, खालच्या ओळीतून वर आलेला, तो झिजलेल्या पात्याचा चाकू. मी काहीच बोललो नाही. आईनं मात्र मोबाइल जवळ घेतला आणि डोळे बारीक केले. पेटीकडे बोट दाखवणाऱ्या भाच्याच्या अंगठ्याला पट्टी होती.

"हे काय रे?"

"काही नाही, आजी. लावताना जरा लागलं."

खुर्चीवर, त्याच्या मागं, अर्धी खारीक पडलेली मला दिसली. आईला दिसली की नाही कोण जाणे. ती समाधानानं मागं टेकून म्हणाली, "म्हणजे धार टिकलीय."